टूर द फ्रान्सच्या घाटातल्या टप्प्याचं मराठी रेडिओ समालोचन नागपुरातून करायचं आहे, मांडणी कशी करावी?

फुटाळा_फेरी

नमस्कार मंडळी. जुलैत टूर द फ्रान्सच्या दोन-तीन घाटांच्या टप्प्यांचं थेट समालोचन मराठीतून द्यायचं आमच्या सायकल गटानं ठरवलंय. फक्त आवाज, नेटवरून. ऐकणारे दीडशे-दोनशे असतील, बहुतेक नागपूर, वर्धा, अमरावतीकडचे. टप्पा आपल्या घड्याळानं साडेचारच्या आसपास सुटतो आणि नऊच्या सुमारास संपतो. तेव्हा कुणी दुकानात, कुणी घरी परतताना, कुणी स्वयंपाकात. डोळे अडकलेले, कान मोकळे. म्हणून रेडिओच बरा.

माणसं तीन: दोघं बोलणार, एक आकडे पाहणार. चित्र अधिकृत अॅपवर. जुना टप्पा लावून दोन तास सराव करून पाहिला तर ऐकणाऱ्यांना कोण कुठं आहे तेच कळेना. ट्रॅकरवरचा (स्वार कुठं आहेत ते जीपीएसवरून दाखवतो तो) पुढच्या-मागच्यांतला फरक आणि पडद्यावरचा फरक जुळत नाही, कधी दीड मिनिट, कधी पन्नास सेकंद. आणि आवाजाखाली सतत घुंऽऽ असं वाजून राहिलं आहे.

युरोपातले रेडिओवाले हे कसं निभावतात? रेडिओ-तूर आपल्याला ऐकता येतो का? ज्यांना माहीत आहे त्यांनी नीट सविस्तर सांगा.

घाटमाथा

आधी रेडिओ-तूरचा गोंधळ काढू. ते श्रोत्यांचं केंद्र नाही, आयोजकांची आतली वाहिनी आहे. संघांच्या गाड्या, पंच, डॉक्टर, पत्रकार यांच्याकडे तिचे रिसीव्हर असतात. घोळक्यातून पुढे कोण निसटलं, फरक किती, कुणाचं चाक पंक्चर झालं, कोणत्या संघाच्या गाडीला पुढे बोलावलंय, हे त्यावर फ्रेंच आणि इंग्रजीत सांगितलं जातं. इटलीत अशाच सेवेला रादिओ कोर्सा म्हणतात. स्वाराच्या कानातला रेडिओ निराळा. तो संघाचा व्यवस्थापक आणि स्वार यांच्यातला, नव्वदच्या दशकात मोटोरोला संघापासून रुळलेला. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत तो चालत नाही, तिथं पाटीवर खडूनं लिहिलेला फरक दाखवणारी मोटरसायकलच स्वारांचा आधार. तुमच्या कामाला यातलं काही मिळणार नाही, आणि त्यावाचून अडतही नाही.

कारण खुद्द तिकडचे समालोचकही बराच वेळ तुमच्यासारखेच बसलेले असतात: शेवटच्या रेषेजवळच्या केबिनमध्ये, टीव्हीच्या पडद्यासमोर. त्यांच्याकडे जास्तीचा असतो तो मोटरसायकलवरचा वार्ताहर. चित्रात न आलेलं तो सांगतो: घोळक्याच्या शेपटीला कोण लोंबतोय, कुणाचा चेहरा उतरलाय, माथ्यावर वारा कोणत्या बाजूनं आहे. तो तुमच्याकडे नाही, तेव्हा असलं काही अंदाजानं बोलू नका. पडद्यावर दिसलं नाही ते घडलं असं म्हणायचं नाही.

दुसरं, साडेचार तास सलग बोलायचं डोक्यातून काढा. डच रेडिओवर टूरचा मोठा कार्यक्रम असतो, त्यातही मध्ये गाणी असतात, गप्पा असतात आणि शर्यतीकडे पुन्हापुन्हा जाऊन येतात. शर्यत तापली की मगच सलग. तुम्ही पहिले दोन तास दर वीस मिनिटांनी चार-पाच मिनिटांचं वार्तापत्र द्या आणि शेवटचे सत्तर-ऐंशी किलोमीटर सलग घ्या. ऐंशी किलोमीटर म्हणजे साधारण नागपूर ते वर्धा, ऐकणाऱ्यालाही तो पल्ला डोळ्यांसमोर येतो.

आता मुख्य दुखणं. "कोण कुठं आहे तेच कळेना" हे होतं कारण सायकल शर्यतीत धावफलक नसतो. क्रिकेट ऐकताना माणूस मध्येच रेडिओ लावतो आणि त्याचा पहिला प्रश्न "स्कोअर काय?" हाच असतो. निवेदकाला ते ठाऊक असतं, म्हणून षटक संपलं की धावसंख्या येतेच. सायकलीचा धावफलक तुम्हालाच तयार करावा लागेल. त्यात चार गोष्टी, आणि त्या कायम त्याच क्रमानं: किती किलोमीटर उरले, पुढे कोण आणि किती जण, मागच्यांशी फरक किती, पिवळी जर्सी (एकूण वेळेत पहिला असलेला स्वार) कुठे. उदाहरणार्थ:

"बेचाळीस किलोमीटर बाकी. पुढे चौघं. मुख्य घोळका तीन मिनिटं दहा सेकंदांनी मागे. पिवळी जर्सी घोळक्यात, पहिल्या दहात."

दहा-बारा सेकंदांत होतं. सलग समालोचनात हे दर दोन मिनिटांनी, शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये दर मिनिटाला. वाक्य रंगात आलेलं असलं तरी तोडा आणि धावफलक द्या. तिसऱ्या माणसाकडे घड्याळ द्या, वेळ झाली की त्यानं बोलणाऱ्याच्या खांद्याला हात लावायचा. सरावात तुम्ही फरक नक्की सांगितला असणार, पण "आता फरक कमी होतोय" असा. कशावरून कमी, किती झाला, हे नुकत्याच आलेल्या माणसाला त्यातून कळत नाही. आकडा नेहमी पुरा: "तीन दहावरून दोन चाळीसवर आला."

१० जून १९४९ ला जिरोच्या, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीच्या, कुनेओ ते पिनेरोलो टप्प्यात इटालियन स्वार कोप्पी १९२ किलोमीटर एकटा पुढे होता. म्हणजे नागपुरातून निघून अमरावती ओलांडून पुढे, आणि वाटेत आल्प्सचे घाट. त्याचा प्रतिस्पर्धी बार्ताली जवळपास बारा मिनिटं मागे राहिला. त्या दिवशी इटालियन रेडिओवर मारिओ फेर्रेत्तीनं केलेली सुरुवात अजून सांगितली जाते: एकच माणूस आघाडीवर आहे, त्याची जर्सी पांढरी-आकाशी आहे, त्याचं नाव फाउस्तो कोप्पी. नीट पाहा, आधी जागा, मग ओळखीची खूण, मग नाव. तुम्हीही नवा माणूस निसटला की याच क्रमानं सांगा. आधी नाव फेकलं की ऐकणारा "हा कोण?" यातच अडकतो, आणि तोवर पुढचं वाक्य निघून जातं.

सक्करदरा_साउंड

घुंऽऽ चं बघू. लॅपटॉपचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा. लॅपटॉप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्यावर, आणि एकाचं अर्थिंग कच्चं असलं की हमखास हे होतं. सगळं सामान एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून चालवा, किंवा यूएसबीवरच चालणारा दोन माइकचा ऑडिओ इंटरफेस घ्या, मग वेगळ्या अॅडॅप्टरची भानगडच नाही. चार्जर काढूनही घुं राहिलं तर माइकची वायर तपासा. ती विजेच्या वायरीला चिकटून समांतर जात असेल तर दूर करा, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असेल तर लाइट गेल्याबरोबर हाच आवाज दुप्पट होऊन येतो. जुलैची संध्याकाळ म्हटल्यावर लाइट जाणार असं धरूनच चला. लॅपटॉप बॅटरीवर, राउटरला १२ व्होल्टचा छोटा मिनी-यूपीएस. राउटरचा अॅडॅप्टर किती अँपिअरचा आहे ते पाहूनच यूपीएस घ्या, कमी पडला तर राउटर दर पाच मिनिटांनी बंद-चालू होत राहील आणि दोष नेटला द्याल. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलेला फोन हॉटस्पॉटसाठी तयार ठेवा, आणि तो रात्री साडेआठला तपासा, दुपारी तपासून उपयोग नाही. नेटवर गर्दी तेव्हाच असते.

माइक डायनॅमिक घ्या. कंडेन्सर माइक पंखा, पाऊस, गल्लीतली गाडी सगळं पकडतो. डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटं, आणि ओठांच्या थेट समोर न धरता जरा तिरका, म्हणजे "फ" आणि "प" फुटत नाहीत. माइकची पाठ पंख्याच्या दिशेला. पत्र्याच्या खोलीत बसू नका, पाऊस आला की संपलं. स्लॅबची खोली, बोलणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर जाड चादर किंवा उभी गादी.

आवाजाची पातळी ही सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. साध्या बोलण्यात मीटर उणे १८ ते उणे १२ डेसिबलमध्ये खेळला पाहिजे. लोक साध्या बोलण्यालाच उणे ३ वर नेऊन ठेवतात. मग शेवटच्या किलोमीटरला समालोचक ओरडला की आवाज फाटतो, आणि नेमका तोच मिनिट लोकांना पुन्हा ऐकायचा असतो. वर उणे ३ ला लिमिटर (त्यापुढे आवाज जाऊ न देणारं सेटिंग) लावून ठेवा.

पाठवताना मोनो, ६४ केबीपीएस पुरे. तासाला एका श्रोत्याचा डेटा २८.८ एमबी होतो, साडेचार तासांचा १३० एमबीच्या आसपास. तुमच्याकडून सर्व्हरला एकच धागा जातो, पुढं दोनशे श्रोत्यांना सर्व्हर वाटतो, त्याला सुमारे १२.८ एमबीपीएस लागतील. आइसकास्ट सर्व्हर यासाठी उत्तम.

कामठी_लाईन

दादा, ६४ च्या ऐवजी ३२ केबीपीएस केलं तर श्रोत्याला आवाज लवकर पोचेल ना? काही जण चित्र म्यूट करून यांचं समालोचन लावतील, त्यांना जुळायला पाहिजे.

सक्करदरा_साउंड

नाही, उलटं होतं. आइसकास्ट नव्या श्रोत्याला सुरुवातीलाच साठवलेला एक तुकडा देतो, साधारण ६४ किलोबाइटचा. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, म्हणजे तो तुकडा ८ सेकंदांचा. ३२ केलंत तर तोच तुकडा १६ सेकंदांचा झाला, श्रोता तेवढा मागे. त्यावर त्याच्या प्लेअरचा स्वतःचा साठा वेगळा. उशीर कमी करायचा तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये हा बर्स्ट साइज कमी करा, पण फार कमी केला तर कमकुवत नेटवर आवाज तुटतो. ज्यांना चित्राशी जुळवायचंय त्यांनी चित्र पॉज करून आवाजाच्या मागे आणावं. उलटं करता येत नाही. तुमच्या बाजूनं एकच करा: धावफलकात उरलेले किलोमीटर स्पष्ट बोला. पडद्यावर तोच आकडा असतो, त्यावरून ज्याला जुळवायचं तो जुळवून घेईल.

सेकंद_काटा

फरकाबद्दल लिहितो, कारण इथं सगळेच फसतात.

फरक वेळेत मोजतात, पण रस्त्यावर दिसतं ते अंतर. ताशी ६० ला एक मिनिट म्हणजे १ किलोमीटर. ताशी ४० ला सुमारे ६७० मीटर. घाटात ताशी २० ला ३३३ मीटर. म्हणून चढ लागला की मागचा माणूस पुढच्याच्या पाठीला टेकल्यासारखा दिसतो आणि नवा समालोचक "आता पकडलाच!" म्हणून मोकळा होतो. वेळेचा फरक जागचा हललेला नसतो. हीच गफलत उतारावर उलटी होते.

टूरमध्ये २०१५ पासून सायकलींवर जीपीएस ट्रान्सपाँडर आहेत. एखाद्या ट्रॅकरनं दोन गटांमधलं अंतर घेऊन त्याला मागच्या गटाच्या वेगानं भागलं, तर वेग बदलला की फरक उडी मारतो. ५०० मीटर अंतर आहे आणि मागचे ६० नं येतायत, तर ३० सेकंद. तेच मागचे चढाला लागून २० वर आले, तर त्याच ५०० मीटरचे ९० सेकंद. तुमचं "कधी दीड मिनिट, कधी पन्नास सेकंद" बहुधा यातलंच. शिवाय बोगदा, दाट झाडी, अरुंद दरी इथं जीपीएस चाचरतो.

खात्रीचा फरक हातानं काढा. पडद्यावर न हलणारी खूण धरा: माथ्यावरची रेषा, पूल, किंवा शेवटच्या ५, ४, ३, २, १ किलोमीटरच्या पाट्या. पुढच्याचं पुढचं चाक खुणेवर आलं की स्टॉपवॉच सुरू, मागच्या गटातल्या पहिल्या माणसाचं चाक आलं की बंद. चित्र तुमच्याकडे चाळीस सेकंद उशिरा येत असलं तरी बिघडत नाही, दोन्ही क्षण सारखेच उशिरा येतात. मात्र दोन्ही क्षण एकाच स्क्रीनवर पाहा. एक फोनवर आणि दुसरा टीव्हीवर पाहिला तर सगळं फुकट. आणि मध्ये पुन्हा दाखवलेलं दृश्य आलं तर ती मोजणी टाकून द्या, नव्यानं मोजा.

आमचा नियम असा आहे: काय घडलं हे चित्रावरून, किती फरक हे हातमोजणीवरून, ट्रॅकर फक्त कल कळायला. ट्रॅकर पुष्कळदा चित्राच्या पुढे धावतो. आकडे पाहणाऱ्यानं चित्रात अजून न आलेली गोष्ट बोलणाऱ्याच्या कानात सांगायची नाही. नाहीतर समालोचकाचा आवाज आधीच पडतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

निसटलेले टिकतील का, हे सांगायला शापातचा ठोकताळा उपयोगी आहे. रोबेर शापात हे फ्रेंच स्वार, नंतर समालोचक. घोळका पाठलागाला लागला की दर १० किलोमीटरला साधारण १ मिनिट खातो. चाळीस किलोमीटर बाकी आणि फरक साडेतीन मिनिटं, तर पकडले जाण्याचीच शक्यता. साडेपाच असेल तर निसटलेल्यांना आशा आहे. हे सपाट रस्त्याचं गणित, घाटात वापरू नका. तिथं एकाच चढावर तीन मिनिटं जातात.

फुटाळा_फेरी

मनापासून आभार. चार्जर काढल्याबरोबर घुं थांबलं. फरक हातानं मोजून पाहिला, ट्रॅकरशी पस्तीस सेकंदांचं अंतर निघालं.

शब्दवेल्हाळ

फुटाळा भाऊ, तुमच्या याच वाक्यात एक खड्डा आहे, समालोचनात तो फार महागात पडेल. "पस्तीस सेकंदांचं अंतर". मराठीत अंतर हा शब्द वेळेलाही चालतो आणि किलोमीटरलाही. वाचताना कळतं, ऐकताना नाही. "अंतर दोन राहिलं" म्हणालात तर दोन मिनिटं की दोन किलोमीटर? म्हणून एक दंडक घाला: वेळेला कायम "फरक", रस्त्याला कायम "किलोमीटर बाकी". अंतर हा शब्द समालोचनात वापरायचाच नाही.

क्रिकेटच्या मराठी समालोचनात बाळ ज. पंडितांच्या आवाजाबरोबर शब्दही लोकांच्या तोंडी बसले, कारण ते नेमके आणि दरवेळी तेच असत. तुम्हीही आधी यादी पक्की करा. पेलोटनला "मुख्य घोळका". आघाडीला "निसटलेले", तिथं "आघाडी" म्हटलं की माणूस आघाडीवर आहे की त्याला आघाडी मिळाली हे कळत नाही. दुसऱ्याच्या मागं वारा चुकवत राहणं म्हणजे "आडोसा घेणं", हा शब्द ऐकल्याबरोबर समजतो. बाजूच्या वाऱ्याला "आडवा वारा", त्यात पडणाऱ्या रांगेला "तिरकी रांग". अटॅकला "मुसंडी". नेत्यासाठी राबणारे ते "मदतनीस". स्प्रिंट, पंक्चर, जर्सी, घाट हे जसेच्या तसे ठेवा, त्यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसलात तर ऐकणारा हरवेल.

नावांचे उच्चार आधी कागदावर देवनागरीत लिहा आणि दोघांनीही तेच म्हणा. एक जण "पोगाचार" आणि दुसरा "पोगाकर" म्हणाला तर ऐकणाऱ्याला दोन वेगळे स्वार वाटतात. जागांचंही तसंच: गालिबिए, तुर्माले, आल्प द्युएझ. चढ समजावताना नुसते टक्के सांगू नका. आल्प द्युएझ १३.८ किलोमीटरचा, सरासरी ८.१ टक्के, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर वर, आणि अशी २१ वळणं. नागपूरकराच्या पायाला सेमिनरी हिल्सचा चढ माहीत आहे, तो तासभर संपलाच नाही तर काय होईल, असं सांगा.

घाटमाथा

स्वारांचा कागद कसा करायचा तेही सांगतो. प्रत्येक संघात आठ स्वार आणि क्रमांक दहाच्या गटांत: १ ते ८, ११ ते १८, २१ ते २८. मधले ९, १०, १९, २० रिकामे. म्हणून एका ओळीत एक संघ असा तक्ता करा. पाठीवर ३४ दिसला की चौथी ओळ, चौथा माणूस, नजर थेट जाते. प्रत्येक ओळीच्या डाव्या कडेला संघाच्या जर्सीचा रंग स्केचपेननं भरा, हेलिकॉप्टरच्या दृश्यात आकडा दिसत नाही, रंगच दिसतो. शर्यत सोडलेल्यांवर रोज सकाळी काट मारा. पिवळी, हिरवी, ठिपक्यांची आणि पांढरी जर्सी आज कुणाच्या अंगावर आहे ते वर ठळक लिहा, कारण त्या दिवशी त्या स्वाराच्या अंगावर संघाचा रंग नसतो आणि घाईत हमखास चूक होते.

कामठी_लाईन

शहरातल्या एखाद्या एफएमवाल्यांनी हे घेतलं तर? दोनशेच कशाला, सगळं नागपूर ऐकेल.

सेकंद_काटा

टूरचं नाही घेता येणार. खासगी एफएमच्या २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात खेळांची माहिती देता येते, थेट प्रक्षेपण नाही. थेट समालोचनाची मुभा स्थानिक स्वरूपाच्या स्पर्धांपुरती आहे. नेटवरही अधिकृत चित्राचा आवाज तुमच्या माइकमध्ये अजिबात शिरू देऊ नका, बंद कपांचे हेडफोन वापरा. मध्ये फिल्मी गाणी लावू नका. हॉलमध्ये पडदा लावून लोक जमवणार असाल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी आधी. तुमच्या समालोचनाबद्दलही त्याच पत्रात विचारून घ्या.

फुटाळा_फेरी

समजलं. मग स्थानिक म्हणून एक विचारतो. दिवाळीनंतर काटोल रोडला आमची ६० किलोमीटरची शर्यत असते. तिथं मोटरसायकलवरून कुणाला बोलायला लावलं तर?

घाटमाथा

बोलणारा मागच्या सीटवर, चालवणारा फक्त चालवेल. चालवणाऱ्याला घोळक्यासोबत सायकल चालवण्याचा अनुभव असावा, वळणावर घोळका किती रस्ता व्यापतो हे त्याला आधी कळलं पाहिजे. उतारावर गटांच्या मध्ये शिरायचं नाही. एक तर सगळ्यांच्या पुढे, नाहीतर सगळ्यांच्या मागे. १९५७ च्या टूरमध्ये रेडिओ वार्ताहर अलेक्स विरो आणि त्यांचा मोटरसायकलचालक रने वाग्नेर दरीत कोसळून गेले, तेव्हा हा नियम कुणासाठीही सैल करू नका.

आवाज फोन कॉलनंच आणा. हेल्मेटच्या आत, गालाजवळ, स्पंजची टोपी घातलेला माइक. बोलताना वेग ताशी ४० च्या खाली, त्यावर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. स्वयंसेवकांसाठी वॉकी-टॉकी घेणार असाल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे, मान्यताप्राप्त सेट घ्या, त्या पट्ट्याला परवाना लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर एक-दोन किलोमीटर धरा, वस्तीत त्याहून कमी. म्हणून दर वळणावर माणूस, आणि त्यानं फक्त तीन गोष्टी बोलायच्या: पहिल्याचा नंबर, स्टॉपवॉचवरचा फरक, पडलं कुणी असेल तर जागा.